गाडी थरथरते की पाय?

१

चावी चोरीला गेली होती आणि चोर घरातलाच होता. मिस्त्रीणबाईला ही खबर दिली ती चोराच्या बायकोनं.

शनिवारची सकाळ होती. गॅरेजचं शटर नुकतंच वर गेलं होतं, वेल्डर अजून आपला चष्मा शोधत होता, आणि दारात एक उंच, पांढरी एसयूव्ही येऊन उभी राहिली. आतून एक बाई उतरली. मागंपुढं बघत ती आत आली आणि हातातली चावी तिनं टेबलावर ठेवून दिली.

"ही मी चोरून आणलीय," ती म्हणाली.

"कुणाची?"

"आमचीच. माझ्या सासऱ्यांची. आमच्या ह्यांनी ती खुंटीवरून काढून स्वतःच्या कपाटात दडवली. मी कपाटातून काढली. आता खरा चोर कोण, ते तुम्हीच ठरवा."

मिस्त्रीणबाईनं फडक्याला हात पुसले. बापाकडून पाना आणि आईकडून जीभ घेऊन ती या धंद्यात उतरली होती, आणि दोन्ही अजून गंजलेली नव्हती. गाडी कधी खोटं बोलत नाही, असं तिचं ठाम मत होतं. माणसांबद्दल तिचं मत इतकं चांगलं नव्हतं.

"बसा, आणि पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

सुनेनं सांगितलं ते असं. सासऱ्यांनी उभा जन्म शहराची बस चालवली. ते निवृत्त झाल्यावर मुलानं ही गाडी घेतली, पण ती चालवायचे तेच. रोज सकाळी एकटेच वाचनालयात जायचे, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचे. गेल्या महिन्यात एका सकाळी ते परत आले ते तोंड पाडूनच. उभी गाडी निघून वेग घ्यायला लागली की थरथरते, असं म्हणाले. संध्याकाळी मुलानं स्टिअरिंग घेतलं, घरातले सगळे बसले, आणि गाडी तक्रारीला जागा न ठेवता चालली. दुसऱ्या सकाळी सासरे एकटे गेले आणि थरथर पुन्हा हजर. मग गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथल्या पोरांनी तिला कॉम्प्युटर जोडला, चौघं आत बसून लांब चक्कर मारून आले आणि गाडी ठणठणीत आहे असा निर्वाळा दिला.

"परवा जेवताना बाबांच्या हातून भांडं निसटलं," सून म्हणाली. "आणि हे बोलून गेले, 'बाबा, गाडी नाही थरथरत. तुमचा पाय थरथरतो.' रात्रीतून चावी गायब."

"काका काय म्हणाले?"

"काही नाही. तेच तर! भांडले असते तर मी निर्धास्त झाले असते. त्यांनी लायसन्स काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, सोमवारी जाऊन परत करून येतो." तिनं चावी मिस्त्रीणबाईकडे सरकवली. "ते एकदा दिलं ना, की ते खुर्चीत बसतील आणि परत उठणार नाहीत. मला माहीत आहे."

मिस्त्रीणबाईनं चावी उचलली. "एक सांगा. आत्ता इथं एकट्याच आलात ना? येताना गाडी थरथरली?"

सुनेनं दारात उभ्या गाडीकडे एकदा बघितलं.

"थरथरली," ती शेवटी म्हणाली. "पण मला वाटलं, चोरी केलीय म्हणून माझाच पाय कापतोय."

२

पुढचं विचारायच्या आत दारात टॅक्सी थांबली. तिच्यातून तावातावानं मुलगा उतरला, पाठोपाठ ताठ मानेचे, पण पडलेल्या चेहऱ्याचे काका, आणि सगळ्यांत शेवटी दाराला धरून, सावकाश, त्यांच्या पत्नी, काकू.

"अगं, चिठ्ठी कसली ठेवतेस, मला विचारायचं तरी!" मुलगा बायकोवर घसरला. मग मिस्त्रीणबाईला म्हणाला, "माफ करा हं. तुमचा वेळ फुकट जातोय. कंपनीनं गाडी पास केलीय."

"माझा वेळ मी शनिवारी स्वस्तात देते. चला, एक चक्कर मारू."

मुलानं स्टिअरिंग घेतलं. काका शेजारी बसले. मागं काकू आपल्या ठरलेल्या जागी, म्हणजे ड्रायव्हरच्या मागं बसल्या. मध्ये सून आणि दुसऱ्या टोकाला मिस्त्रीणबाई. मुलानं गाडी मुद्दाम चढावर थांबवली, पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी हूं की चूं न करता चढ चढून गेली. त्यानं पुन्हा थांबवली, पुन्हा पळवली. मिस्त्रीणबाई तळहात सीटवर टेकवून, डोळे मिटून बसली होती. हाताला काही म्हणता काही लागलं नाही.

"बघितलंत?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मिस्त्रीणबाईनं टिपलं.

"आता काकांना चालवू दे."

"नको," काका म्हणाले. ते आपल्या उजव्या पायाकडे असे बघत होते, जणू तो परक्याचा असावा. "राहू द्या बाई. पोरगा बरोबर बोलतोय. शरीर आपल्याला फितूर झालं, की आपणच गुमान उतरावं. सोमवार काही लांब नाही."

मुलानं गाडी गॅरेजकडे वळवली. परतीच्या वाटेवर मिस्त्रीणबाईचं डोकं पळत होतं. गाडी सुनेला 'थरथरते' म्हणाली आणि मुलाला 'नाही' म्हणाली. गाडी खोटं बोलत नसेल, तर दोन्ही खरं असलं पाहिजे. मग मधल्या वेळात बदललं काय?

"मला तुमच्याशी एकेकट्याशी बोलायचंय," ती उतरल्या उतरल्या म्हणाली.

मुलगा हसला. "तपासायचं कुणाला? गाडीला की आम्हाला?"

"आधी तुम्हाला. गाडी कुठं पळून जात नाही."

३

गॅरेजच्या कोपऱ्यात काचेची एक खोली होती. बसायला एका मोडीत निघालेल्या गाडीची मऊ, खोल गेलेली सीट आणि एक लाकडी स्टूल. तिथं पहिला आला तो मुलगा, आणि सीटमध्ये रुतून बसला.

"गाडीत अलीकडे काही बदललंत?"

"काही नाही. मी तर ती एकट्यानं कधी नेतच नाही. ऑफिसात गाडी लावायला जागा कुठं आहे?" मग तो खाली बघत म्हणाला, "तुम्हाला मी खलनायक वाटत असेन. पण समजा भर रस्त्यात त्यांचा पाय चुकला आणि समोर कुणाचं पोर आलं, तर? ज्या माणसानं आयुष्यात कुणाला ओरखडा काढला नाही, त्याच्या नावावर ते लागायला नको. चावी काढून घेताना माझेच हात थरथरत होते."

मिस्त्रीणबाईला तो आवडला. आवडलेल्या माणसालाही संशयितांच्या यादीतून काढायचं नाही, हा तिचा नियम होता.

सून आली, तिच्याकडे सांगण्यासारखं थोडंच होतं. "गाडीत फरक? गाडीत नाही हो. हां, मागच्या सीटवर आईंची एक उशी असायची, पाठीला. ती आता घरात आलीय. मीच अभ्रा धुतला."

"कधीपासून?"

"झाला असेल महिना."

काका आले ते बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी गाडीचा इतिहास सांगितला. तेल कधी बदललं, ब्रेक कधी. मग म्हणाले, "आणि एक पंक्चर. आमच्या कोपऱ्यावरचा टायरवाला आहे, तिथं. हिला डॉक्टरकडून आणत होतो. हिला तिथं खुर्चीत बसवलं आणि मी समोर माझ्या जुन्या कंडक्टरकडे गप्पा छाटत बसलो. पंक्चरला एवढा वेळ लावलान त्या माणसानं, की कंडक्टरच्या बदलीपासून नातवापर्यंत सगळं बोलून झालं."

"आणि थरथर कधी सुरू झाली?"

"त्याच्यानंतरच. म्हणून मी चाकं पुन्हा तपासून घेतली. चाकं बरोबर होती. मग मीच बरोबर नसणार."

शेवटी काकू आल्या. मिस्त्रीणबाईनं मऊ सीटकडे हात केला. काकूंनी सीटकडे एकदा पाहिलं, लाकडी स्टूल ओढलं आणि त्यावर ताठ बसल्या.

"मला बाई गाडीतलं काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "मी आपली मागं बसते."

"काका गाडी कशी चालवतात?"

काकूंचा चेहरा एकदम खुलला. "त्यांच्यासारखी कुणी चालवायची नाही. लग्नानंतर त्यांच्या बसमध्ये बसून शहर बघितलं मी. त्यांच्या मागच्या बाकावर बसायचे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांचा पाय खरंच गेलाय का हो?"

"ते आता कळेल," मिस्त्रीणबाई म्हणाली, आणि चावी घेऊन एकटीच गाडीत जाऊन बसली.

४

चढावर तिनं गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

सीटखालून थरथर आली. जाडजूड, तुटक ठेक्याची, पार पाठीच्या कण्यापर्यंत पोचणारी. गाडीनं वेग धरला तशी ती विरून गेली. मिस्त्रीणबाईनं गाडी पुन्हा थांबवली आणि उभ्या जागी नुसतं इंजिन रेस केलं. इंजिन गुळगुळीत. पुन्हा गाडी सोडली, पुन्हा थरथर.

ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "काका, माझाही पाय म्हातारा झालाय बहुतेक," ती खिडकीतून ओरडली. "वेल्डरभाऊ! ते दोन जुने गिअरबॉक्स आणि मेलेल्या बॅटऱ्या गाडीत मागं टाका. आहेत तेवढ्या सगळ्या."

वेल्डरनं कुरकुरत सगळं लोखंड मागं भरलं. गाडीची मागची बाजू खाली बसली. मिस्त्रीणबाई पुन्हा एकटीच चढावर गेली. गाडी निघाली, वेग घेतला, आणि कुठंही अंग शहारलं नाही.

"ऐका आता," तिनं उतरून सगळ्यांना गोळा केलं. "पाय माझाच, रस्ता तोच. रिकामी असताना गाडी थरथरली आणि भरल्यावर गप्प बसली. काका सकाळी एकटे जातात, म्हणून त्यांनाच थरथर भेटते. दादा, तुम्ही गाडी हातात घेता तेव्हा सगळं कुटुंब आत असतं. कंपनीची पोरंसुद्धा चौघं बसून गेली. तुमच्यापैकी कुणी खोटं बोललं नाही. प्रत्येकजण वेगळ्या वजनाच्या गाडीत बसला होता, एवढंच."

"पण क्लच?" मुलगा अजून सोडायला तयार नव्हता. "बाबांनी क्लच धरून धरून तो जाळला असेल तर?"

"क्लच गेला असता, किंवा इंजिनचा एखादा प्लग मेला असता, तर ओझं वाढल्यावर थरथर वाढली असती. थकलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोतं ठेवलं तर तो सरळ चालायला लागतो का? इथं ओझ्यानं दुखणं पळालं. म्हणजे दुखणं ताकदीचं नाही, उंचीचं आहे. आणि उंचीचा तुमच्या पायाशी काही संबंध नाही, काका."

काकांनी उजवा पाय एकदा जमिनीवर आपटून बघितला. मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

मिस्त्रीणबाईनं लोखंड उतरवायला लावलं, गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली आणि स्वतः दिवा घेऊन खाली उतरली. कंपनीवाल्यांनी गाडी उचलून धरली असेल, चाकं अधांतरी लोंबली असतील, मग त्यांना काय दिसणार? इथं गाडी आपल्याच पायांवर उभी होती. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सरळ जायच्या ऐवजी जास्तच तिरका झाला होता. त्याच्या टोकाचा सांधा, ज्याला गॅरेजात क्रॉस म्हणतात, जुना होता. नेहमीच्या तिरकेपणाशी त्यानं जमवून घेतलं असतं, पण या नव्या कोनात इंजिनचा पहिला जोर आला की तो अडखळत होता.

पण शाफ्ट तिरका झाला कशानं? तिनं दिवा मागच्या स्प्रिंगवर धरला. स्प्रिंगवर वर्षानुवर्षांचा चिखल वाळला होता. आणि दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यावर जाड रबरी ठोकळे बसवले होते, नवे, काळेभोर.

ती वर आली. "गाडीची पाठ कुणीतरी मुद्दाम वर उचललीय," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी?"

५

"मी नाही," मुलगा आणि सून एकदमच म्हणाले. काकांनी नुसती मान हलवली. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"कंपनीवाल्यांचंच काम!" मुलगा तडकला. "मी आत्ताच्या आत्ता फोन करतो."

"थांबा. थरथर आधी सुरू झाली, कंपनी नंतर आली," मिस्त्रीणबाई म्हणाली. "काकू, जरा माझ्याबरोबर या. तुमच्या पदराला ग्रीस लागलंय, साबण देते."

पदराला काही लागलेलं नव्हतं. गॅरेजच्या मागं, टायरांच्या थप्पीआड एक नळ होता. तिथं पोचल्यावर मिस्त्रीणबाई हळूच म्हणाली, "पाठीचं दुखणं कधीपासून, काकू?"

काकूंनी नळाकडे बघत विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. मऊ सीट सोडून स्टुलावर बसलात. दुखऱ्या पाठीचं माणूस खोल सीटमध्ये बसत नाही, उठताना जीव जातो. गाडीतली उशी महिन्यापूर्वी घरात आली, म्हणजे तेव्हापासून गाडीत बसायला बरं वाटायला लागलं. आणि पंक्चरला एवढा वेळ लागत नसतो. टायरवाल्यापाशी एकट्या तुम्ही होतात. ठोकळे कुणी बसवले याचं माझ्याकडे एकच उत्तर उरतं."

काकू टायरांच्या थप्पीवर टेकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सगळे बसलो की गाडी मागून पार खाली बसायची," त्या म्हणाल्या. "प्रत्येक गतिरोधकाला खालून असा दणका, की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. टायरवाला म्हणाला, ठोकळा टाकतो, पाठ वर येईल. आली. दणका गेला. मला वाटलं, सुटले!"

"काकांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? की तुमच्या गाडीत बसले की मला दुखतं? ज्या माणसानं जन्मभर एकाच गोष्टीचा अभिमान धरला, त्याला?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "माझ्या समोर कधी थरथर झालीच नाही हो. टायरवाल्यापासून घर चार पावलांवर, आणि नंतर मी असायचे तेव्हा सगळेच असायचे. मला वाटलं, खरंच वय झालं त्यांचं. आणि मीच..."

"बघा काकू," मिस्त्रीणबाई म्हणाली. "मी आत जाऊन सांगू शकते, की टायरवाल्यानं दुसऱ्याच्या गाडीचं काम चुकून तुमच्या गाडीला केलं. काकांची चावी परत मिळेल. कुणाला काही कळायचं नाही."

काकूंनी पदर सारखा केला. मग त्या थप्पीला धरून उठल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "एकदा लपवलं तर त्यांची गाडी गेली. आता लपवलं तर काय जाईल, कुणी सांगावं?"

६

काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, एका दमात, काकांकडे न बघता. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. सुनेनं तोंडावर हात धरला होता.

मिस्त्रीणबाईला वाटलं, आता काका रागावणार. पण ते तिच्याकडे वळले. "ते ठोकळे काढा. आत्ता. बाकी काही करू नका."

ठोकळे निघाले. काकांनी मुलाला स्टिअरिंगवर बसवलं, सुनेला पुढं, मिस्त्रीणबाईला आणि वेल्डरला मागं. काकूंना त्यांनी गॅरेजातच, मऊ सीटवर नव्हे, स्टुलावर बसवलं, आणि स्वतः ड्रायव्हरच्या मागच्या जागी जाऊन बसले. "गतिरोधकावरून घे. मी घेतो तशी."

मुलानं हळू घेतली. तरीही मागून धाडकन दणका बसला आणि काकांच्या तोंडून हुंकार निघाला. ते म्हणाले, "अजून एकदा." दुसऱ्या दणक्यानंतर ते खिडकीबाहेर बघत राहिले.

परत आल्यावर ते काकूंसमोर उभे राहिले. "बसमध्ये लोक निदान बेल तरी वाजवायचे गं. तू बेलसुद्धा वाजवली नाहीस."

"तुम्ही कधी मागं वळून विचारलंत का?" काकू म्हणाल्या.

"नाही विचारलं," काका म्हणाले. "चुकलंच माझं."

मुलगा पुढं आला. "बाबा, मी पण..." तो म्हणाला आणि अडकला. काकांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली, अशी सणसणीत, की त्याला पुढचं बोलायची गरज उरली नाही.

मिस्त्रीणबाईला आता थांबवत नव्हतं. मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर कधीचे मेले होते, स्प्रिंगा दमल्या होत्या. खरा रोग तो होता, ठोकळा म्हणजे नुसतं कुबडीवर उभं करणं. तिनं आणि वेल्डरनं दुपारपर्यंत स्प्रिंगा बदलल्या, नवे शॉकॲब्सॉर्बर बसवले, शाफ्टचा क्रॉस नवा घातला. गाडीची पाठ पूर्वीच्या उंचीला आली आणि शाफ्ट सरळ झाला.

काकांनी पहिली चक्कर एकट्यानं मारली. चढावर थांबले, निघाले, आणि सगळी गल्ली ऐकत असताना गाडी नुसती सळसळत वर गेली. ते परत आले तेव्हा त्यांचे खांदे वर आले होते आणि मिशा फुलल्या होत्या. "हा पाय अजून कुणाच्या बापाला हार जायचा नाही," त्यांनी गॅरेजला जाहीर केलं.

मग सगळे बसले. काकू आपल्या जागी, ड्रायव्हरच्या मागं. सून म्हणाली पुढं बसा, पण त्यांनी ऐकलं नाही. मिस्त्रीणबाई दारात उभी राहून बघत होती. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. काकांनी गाडी त्याच्यावरून अलगद नेली, मग तिथंच थांबवली आणि मागं वळले.

"दुखलं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना!" काकूंचा आवाज गल्लीभर गेला. "सांगेन मी दुखलं की. तुम्ही पुढं बघा आणि चालवा."